युद्धाचा खेळ आणि खेळातले युद्ध

सुट्टीच्या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एक दृश्य हमखास दिसते. घरातील तरुण मुलगा कानांना हेडफोन लावून संगणकापुढे बसलेला असतो आणि मध्येच दबक्या आवाजात कोणाला तरी सूचना देत असतो : भिंतीच्या आडोशाला थांब, त्या खिडकीवर नजर ठेव, जखमी कोठे पडला आहे ते सांग. ज्यांच्याशी तो बोलतो ते सवंगडी कोणी पुण्याला, कोणी दुबईला, तर कोणी पोलंडमध्ये बसलेले असतात. या सर्वांचे मिळून एक लष्करी पथक झालेले असते आणि पडद्यावर युद्ध चाललेले असते. आई स्वयंपाकघरातून हाक मारते. उत्तर येत नाही. मग तिच्या मनातला प्रश्न ती कधीतरी धर्मगुरूंच्याही कानी घालते : फादर, हा खेळ चांगला की वाईट?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देण्याचा मोह टाळलेला बरा. कोणत्याही वस्तूचे मोल करावयाचे तर ती कोठून आली, कोणी घडविली आणि कशासाठी घडविली, हे आधी पाहावे लागते. खऱ्या युद्धाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या खेळांना जवळजवळ अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात येते. प्रत्येक पिढीने हा खेळ अधिक खरा करण्याची खटपट केली. मात्र 'खरे' म्हणजे काय हे ठरविताना युद्धातील काही माणसे पटावर घेतली आणि काही पटाबाहेर ठेवली. बाहेर राहिलेली ही माणसे कोण आणि त्यांना आत येण्यास इतका काळ का लागला, हे या लेखात पाहावयाचे आहे.

चतुरंगापासून प्रशियाच्या नकाशापर्यंत

पटावर सैन्य मांडून लढण्याची कल्पना आपल्या भूमीला नवी नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगे मांडणारा चतुरंग सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास भारतात खेळला जात होता. तो इराणमार्गे अरबांकडे आणि तेथून युरोपात गेला व त्याचे आजचे बुद्धिबळ झाले. परंतु बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना सगळा पट दिसतो आणि एक प्यादे दुसऱ्याला मारते तेव्हा ते नेहमीच मरते. खऱ्या लढाईत असे काही घडत नाही, हे सेनानींना पुरते ठाऊक होते.

इ. स. १७८० मध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून सोळाशेहून अधिक घरांचा केला आणि घरांना रंग देऊन डोंगर, नदी, दलदल दाखविली. पुढचे पाऊल राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी उचलले. वडिलांनी १८१२ मध्ये आपला खेळ प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याच्यापुढे मांडला. त्यांचा मुलगा तोफखान्यातील अधिकारी होता. त्याने चौकटींचा पट बाजूस ठेवून एकास आठ हजार या प्रमाणाचे खरे नकाशे घेतले आणि १८२४ मध्ये नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. या खेळास 'क्रिग्सश्पील', म्हणजे युद्धाचा खेळ, असे नाव होते.

त्याची रीत अशी : एका बाजूचे ठोकळे लाल, दुसऱ्या बाजूचे निळे. प्रत्येक डाव म्हणजे लढाईतील दोन मिनिटे. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपापले हुकूम लिहून पंचाकडे देत आणि पंच नकाशावर ठोकळे हलवी. शत्रूची तुकडी खरोखर दृष्टीच्या टप्प्यात आली तरच तिचा ठोकळा नकाशावर ठेवला जाई. एरवी ती अदृश्य. गोळीबाराचा परिणाम फासे टाकून आणि तक्ते पाहून ठरे. तुकडीची शक्ती घटली की तिचा हिशेब कमी करावयाचा आणि शक्ती संपली की ठोकळा उचलावयाचा. प्रशियाचे सेनापती म्युफ्लिंग हा खेळ पाहावयास बसले तेव्हा त्यांना त्याचे फारसे कौतुक नव्हते. संपेपर्यंत मात्र त्यांची खात्री पटली की हे मनोरंजन नसून युद्धाची शाळा आहे. त्यांनी सर्व सैन्याला त्याची शिफारस केली. दुर्दैव असे की हा खेळ घडविणाऱ्या तरुण राइसविट्झने १८२७ मध्ये आत्महत्या केली. पुढे १८६६ मध्ये ऑस्ट्रियावर आणि १८७०-७१ मध्ये फ्रान्सवर प्रशियाने विजय मिळविले, तेव्हा इतर देशांच्या सैन्यांनीही या खेळाकडे वळून पाहिले.

आजच्या संगणकीय युद्धखेळाची बहुतेक अंगे येथेच जन्मली. खरा नकाशा, शत्रू दिसेपर्यंतची अनिश्चितता, वरिष्ठाचा हुकूम खालपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ, हे सारे राइसविट्झच्या टेबलावर होते. जे नव्हते तेही ध्यानात घ्यावयास हवे. ठोकळा उचलला की त्यातील माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न नियमांच्या पुस्तकात नव्हता. नकाशावर गाव होते. गावात कोणी राहत नव्हते.

सोल्फेरिनोचे मैदान

हा न विचारलेला प्रश्न याच काळात एका वेगळ्या ठिकाणी उभा राहिला. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो येथे फ्रान्स व सार्डिनिया यांच्या सैन्यांची ऑस्ट्रियाच्या सैन्याशी गाठ पडली. सुमारे तीन लाख सैनिक एका दिवसात एकमेकांवर तुटून पडले आणि मृत, जखमी व बेपत्ता यांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास गेली. जिनिव्हाचा एक व्यापारी, हेन्री ड्युनां, आपल्या कामानिमित्त तेथे आला होता. जवळच्या कास्तिल्योने गावात जखमींची रीघ लागली. घरे, मठ, चर्च सर्व भरून गेले. गावच्या मोठ्या चर्चमध्ये शेकडो जखमी फरशीवर गवत अंथरून निजविलेले होते. गावातील स्त्रियांनी पाणी आणि पट्ट्या घेऊन सेवा आरंभिली आणि गणवेश कोणत्या राजाचा हे पाहिले नाही. सगळेच आपले भाऊ, अशी त्यांची भावना होती.

ड्युनांने हा अनुभव १८६२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यातून रेडक्रॉसची स्थापना झाली आणि १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. जखमी सैनिक हा शत्रू उरत नाही, हे तत्त्व राष्ट्रांनी लेखी मान्य केले. १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ड्युनां आणि फ्रेदेरिक पासी यांना विभागून मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये झालेल्या चौथ्या जिनिव्हा कराराने सामान्य नागरिकांनाही संरक्षण दिले. ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे : युद्ध सुरू झाले म्हणून नीतिनियम रद्द होत नाहीत आणि न लढणारे नागरिक, जखमी सैनिक व युद्धकैदी यांना माणुसकीने वागविलेच पाहिजे. १९९२ च्या 'कॅथलिक श्रद्धाग्रंथा'त हे स्पष्ट सांगितले आहे.

म्हणजे एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी शेजारी शेजारी वाढल्या. अधिकाऱ्यांच्या टेबलावर युद्धाची नक्कल अधिकाधिक अचूक होत होती आणि युद्धाच्या मैदानावर युद्धाला मर्यादा घालणारा कायदा आकार घेत होता. या दोन गोष्टींची एकमेकींशी भेट व्हावयास दीडशे वर्षे लागली.

मधल्या काळात युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या दालनातून घराघरांत आला. प्रसिद्ध इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या नावाने खेळण्यातील शिशाच्या सैनिकांनी लढावयाच्या लढाईचे नियम छापले. त्यांची भूमिका अशी होती की ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती खोलीतल्या जमिनीवर भागवावी. तेथे कोणाची घरे जळत नाहीत आणि कोणी विधवा होत नाही. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. खेळाने युद्धाची हौस फिटते, ही आशा इतिहासाने फारशी खरी ठरविली नाही.

ठोकळ्यांच्या जागी पडदा

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने रणगाड्यांची अनेक नकली यंत्रे संगणकांच्या जाळ्याने जोडली, जेणेकरून दूरदूरचे सैनिक एकाच कल्पित मैदानावर एकत्र सराव करू शकतील. १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' हा खेळ बाजारात आला. त्यात खेळणारा राक्षसांवर गोळ्या झाडी आणि सगळे जग त्याला बंदूकधाऱ्याच्या डोळ्यांनी दिसे. अमेरिकेच्या मरीन दलातील काही जणांना वाटले की राक्षस काढून तेथे सैनिक घातले तर पायदळाच्या शिक्षणास याचा उपयोग होईल. १९९६ च्या सुमारास क्वांटिको येथे 'मरीन डूम' तयार झाला. शत्रूची चित्रे करण्यासाठी खेळण्यातील सैनिक-बाहुल्यांची छायाचित्रे घेण्यात आली. चार सैनिकांची तुकडी, प्रत्येकाचे ठरलेले काम आणि एकमेकांना साथ देत पुढे सरकणे, हा त्याचा गाभा होता. नेमबाजी शिकविणे हा हेतू नव्हता, कारण माऊसने नेमबाजी शिकता येत नाही. पटकन निर्णय घेणे व सहकाऱ्यावर विसंबणे शिकवावयाचे होते.

यानंतरची पाच-सहा वर्षे महत्त्वाची आहेत. १९९८ मध्ये 'रेनबो सिक्स' आला. त्यात कारवाईपूर्वी इमारतीचा नकाशा पाहून योजना आखावी लागे आणि एकाच गोळीने खेळाडू मरू शके. तोवरच्या खेळांत दहा गोळ्या झेलूनही नायक धावत असे. २००१ मध्ये प्राग शहरातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या संस्थेने 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' काढला. शीतयुद्धाच्या काळातील कल्पित बेटांवर त्याचे कथानक घडते. त्यात मैल दोन मैल नुसते चालावे लागे आणि कोठूनशी एक गोळी येऊन खेळ संपे. ती कोणी झाडली हेही कळत नसे. खऱ्या पायदळी सैनिकांना हे ओळखीचे वाटले. याच खेळाच्या पायावर सैन्याच्या प्रशिक्षणासाठी वेगळी आवृत्ती निघाली आणि ती अनेक देशांच्या सैन्यांनी वापरली. याच संस्थेचे 'आर्मा' हे खेळ पुढे प्रसिद्धीस आले.

भरतीचा खेळ

४ जुलै २००२ या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी तेथील सैन्याने स्वतःच 'अमेरिकाज आर्मी' नावाचा खेळ विनामूल्य उपलब्ध करून दिला. १९९९ मध्ये सैन्यभरतीचे उद्दिष्ट पुरे झाले नव्हते. तरुणांपर्यंत पोहोचण्यासाठी खेळ काढावा, ही कल्पना केसी वार्डिन्स्की या लष्करातील अर्थतज्ज्ञाची. माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात तो तयार झाला.

या खेळाची रचना विचार करावयास लावणारी आहे. त्यात दोन्ही पक्ष एकमेकांशी लढत, पण प्रत्येक खेळाडूला आपला पक्ष अमेरिकन सैनिकांचाच दिसे आणि समोरचा पक्ष शत्रूचा. म्हणजे पडद्यापलीकडील मुलगाही स्वतःला अमेरिकन सैनिक म्हणूनच पाहत असे. शत्रू होण्याची पाळी कोणावरच येत नसे. दुसरीकडे शिस्तीवर भर होता. आपल्याच साथीदारावर गोळी झाडणारा खेळाडू लेव्हनवर्थच्या तुरुंगाच्या कोठडीत जाई. वैद्यकीय सैनिक, म्हणजे मेडिक, व्हावयाचे तर प्रथमोपचाराची व्याख्याने ऐकून परीक्षा द्यावी लागे. २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात एका खेळाडूने रस्त्यावरील अपघातातील जखमींना मदत केली आणि रक्तस्राव कसा थांबवावा हे आपण याच खेळात शिकलो, असे सांगितले. अमेरिकन सैन्याने या घटनेस प्रसिद्धी दिली.

याच खेळात एक मूक निषेधही घडला. २००६ पासून जोसेफ डीलॅप हे नेव्हाडातील कलाशिक्षक त्यात प्रवेश करीत, शस्त्र खाली ठेवून उभे राहत आणि इराकमध्ये मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांची नावे, वये व मृत्यूच्या तारखा संदेशाच्या जागी टंकलिखित करीत. इतर खेळाडू त्यांना गोळ्या घालीत, हाकलून देत; ते पुन्हा येत. २०११ अखेर अमेरिकन सैन्य इराकमधून परतले तोवर सुमारे साडेचार हजार नावे त्यांनी लिहिली होती. वीस वर्षांनी, मे २०२२ मध्ये, सैन्याने हा खेळ बंद केला.

याच काळातील आणखी एका खेळाची कथा ऐकण्यासारखी आहे. 'फुल स्पेक्ट्रम वॉरियर' हा २००४ मधील खेळ लष्कराच्या साहाय्याने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला. त्यात खेळणारा स्वतः गोळी झाडीत नाही. चार-चार सैनिकांच्या दोन तुकड्यांना हुकूम देतो. पुढे इराकमधून परतलेले सैनिक भयस्वप्ने आणि धास्ती यांनी ग्रासलेले दिसू लागले. तेव्हा मानसशास्त्रज्ञ स्किप रिझो यांनी याच खेळातील रस्ते आणि बाजार घेऊन उपचाराचे साधन बनविले. रुग्ण सैनिक चिकित्सकाच्या सोबतीने त्या कल्पित रस्त्यावरून हळूहळू चालतो आणि आठवणीतील भीतीला सामोरा जातो. लढावयास शिकविण्यासाठी काढलेली गल्ली लढून आलेल्याच्या जखमा बांधण्यास उपयोगी पडली.

पथकात खेळताना

आज ज्यांना वास्तव पथकयुद्धाचे खेळ म्हणतात त्यांचा नमुना म्हणून 'स्क्वाड' या खेळाकडे पाहू. २००५ मध्ये 'बॅटलफिल्ड २' या लोकप्रिय खेळात हौशी मंडळींनी फेरफार करून 'प्रोजेक्ट रिॲलिटी' नावाची अधिक कठीण आवृत्ती काढली होती. तिच्याच परंपरेत कॅनडातील ऑफवर्ल्ड या संस्थेने 'स्क्वाड' तयार केला. डिसेंबर २०१५ पासून तो खेळावयास मिळू लागला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला.

दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास खेळाडू असतात आणि प्रत्येक पथकात जास्तीत जास्त नऊ. पथकाचा एक नायक. कोणाकडे साधी रायफल, कोणाकडे मशीनगन, कोणाकडे रणगाडाविरोधी शस्त्र, कोणाकडे औषधांची पिशवी. बोलण्याचे मार्ग तीन : एक जवळ असलेल्यांसाठी, एक पथकासाठी आणि एक नायकांनी आपसांत बोलण्यासाठी. एकट्याने शौर्य गाजवावयास जाणारा येथे लवकर मरतो. बराचसा वेळ चालण्यात, वाट पाहण्यात, खंदकात दडून राहण्यात जातो. डोक्यावरून गोळ्या जाऊ लागल्या की पडद्यावरील दृश्य अंधुक होते आणि नेम धरता येत नाही. खेळाडू कोसळला की तो 'मेडिक, मेडिक' असे ओरडतो आणि दुसरा कोणी तरी, बहुधा ज्याचा चेहराही त्याने कधी पाहिलेला नाही असा, धूर सोडून त्या आडोशाने सरपटत त्याच्याकडे येतो.

वाचकहो, या खेळाकडे नुसती हिंसा म्हणून पाहिले तर आपले तरुण त्यात काय शोधतात ते आपणास कळणार नाही. नेमून दिलेले काम, ऐकून घेणारा नायक, पडलेल्यासाठी मागे फिरणारा सोबती, या गोष्टींची त्यांना ओढ असते. ती ओढ वाईट नाही. आपल्या युवक संघटनांमध्ये आणि खेळाच्या मैदानांवर ती भागत नसेल, तर त्याचा विचार आपण मोठ्यांनी करावयास हवा.

पण या खेळातील गावांतून चालताना एक गोष्ट नजरेत भरते. घरे आहेत, अंगणे आहेत, दुकाने आहेत. माणूस एकही नाही. जो दिसेल तो सैनिक. 'प्रोजेक्ट रिॲलिटी'त सामान्य नागरिकाची भूमिका होती, पण ती बंडखोरांना मदत करणाऱ्या नि:शस्त्र साथीदाराची. आपल्या घरात जीव मुठीत धरून बसलेली म्हातारी, विहिरीवर गेलेले पोर यांना या पटावर जागा नव्हती. राइसविट्झच्या नकाशातील रिकामे गाव दोनशे वर्षांनी अधिक सुबक झाले होते, तरी रिकामेच होते.

पटाबाहेरची माणसे

हे रिकामेपण सर्वाधिक खुपले ते फलूजाच्या बाबतीत. नोव्हेंबर २००४ मध्ये इराकमधील या शहरात अमेरिकन व मित्र सैन्याची बंडखोरांशी घनघोर लढाई झाली. बहुतेक रहिवासी आधीच शहर सोडून गेले होते, तरी हजारो माणसे मागे राहिली होती आणि त्यांतील शेकडो मृत्युमुखी पडली. एप्रिल २००९ मध्ये 'सिक्स डेज इन फलूजा' या खेळाची घोषणा झाली तेव्हा अमेरिकेत व ब्रिटनमध्ये मृत सैनिकांच्या कुटुंबीयांनीच त्याला विरोध केला. जपानी प्रकाशकाने त्याच महिन्यात अंग काढून घेतले. २०२१ मध्ये तो पुन्हा जाहीर झाला. तेव्हा इराकी नागरिकांच्या दुःखाचे काय, असा प्रश्न अमेरिकेतील मुस्लिम संघटनेने व अनेक समीक्षकांनी विचारला. निर्मात्यांनी सैनिकांप्रमाणेच इराकी नागरिकांच्याही मुलाखती घेतल्याचे सांगितले. चार-चार खेळाडूंच्या पथकाने खेळावयाचा हा खेळ जून २०२३ मध्ये अपूर्ण स्वरूपात विक्रीस आला. ज्यांचे दुःख अद्याप ओले आहे त्यांच्या अंगणात खेळ मांडताना परवानगी कोणाची घ्यावयाची, हा प्रश्न त्याने सोडविला नाही. तो उघड मात्र केला.

खेळ आणि कायदा यांची भेट घडविण्याचे प्रयत्न स्वित्झर्लंडमधून झाले. २००९ मध्ये तेथील दोन संस्थांनी सुमारे वीस युद्धखेळ युद्धाच्या कायद्याच्या कसोटीवर तपासले. नागरिकांवर गोळीबार, कैद्यांचा छळ, प्रार्थनास्थळांचा नाश अशा गोष्टी त्यांत कोणत्याही परिणामावाचून घडतात, असे त्यांना आढळले. २०११ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेळी या विषयावर चर्चा झाली. काही वृत्तपत्रांनी अशी आवई उठविली की रेडक्रॉस आता खेळणाऱ्या मुलांनाच युद्धगुन्हेगार ठरविणार. रेडक्रॉसची मागणी याहून साधी व शहाणपणाची होती. खेळातून हिंसा काढून टाका, असे तिचे म्हणणे नव्हते. जो खेळ खऱ्या युद्धासारखा असल्याचा दावा करतो त्याने खऱ्या युद्धाचे नियमही खरेपणाने दाखवावेत, एवढेच तिने मागितले.

ही मागणी बोहेमिया इंटरॅक्टिव्हने ऐकली. ७ सप्टेंबर २०१७ रोजी 'आर्मा ३' या खेळाला 'लॉज ऑफ वॉर' नावाचा जोडभाग निघाला. त्यात खेळाडू सैनिक नसतो. एका कल्पित मदतसंस्थेचा सुरुंग काढणारा कार्यकर्ता असतो. युद्ध संपल्यावर तो एका उद्ध्वस्त गावात सुरुंग व न फुटलेले बाँब निकामी करावयास येतो आणि एका पत्रकाराशी बोलता बोलता त्या गावाचा इतिहास उलगडत जातो. प्रत्येक प्रसंग वेगवेगळ्या बाजूंच्या माणसांच्या नजरेने पुन्हा जगावा लागतो. येथे गाव रिकामे असले तरी ते रिकामे का झाले, याचा जाब खेळच विचारतो. या जोडभागाच्या त्या वर्षीच्या उत्पन्नातील निम्मा वाटा, सुमारे पावणेदोन लाख डॉलर, रेडक्रॉसला देण्यात आला.

याआधी, २०१४ मध्ये, पोलंडमधील एका संस्थेने 'धिस वॉर ऑफ माइन' काढला होता. त्यात पथक नाही, मोहीम नाही. वेढा पडलेल्या शहरात तगून राहू पाहणारी साधी माणसे आहेत आणि औषध चोरावे की उपाशी राहावे अशा त्यांच्या विवंचना आहेत. सारायेव्होच्या वेढ्याची पार्श्वभूमी त्यामागे होती. २०२० मध्ये पोलंडच्या सरकारने हा खेळ शालेय विद्यार्थ्यांच्या शिफारस केलेल्या साहित्यात समाविष्ट करण्याचे जाहीर केले. युद्धाचे वास्तव दाखविण्यास बंदूक हातात द्यावीच लागते असे नाही, हे त्याने सिद्ध केले.

आईवडिलांसाठी थोडे

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. असे खेळ खेळून मुले हिंसक होतात काय? १९९९ मध्ये अमेरिकेत कोलंबाइन येथे दोन विद्यार्थ्यांनी शाळेत हत्याकांड केले आणि ते 'डूम' खेळत असत हे कळले, तेव्हापासून ही भीती जगभर पसरली. यावर पुष्कळ संशोधन झाले आहे. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने मार्च २०२० मध्ये आपले मत मांडले ते असे की हिंसक खेळांचा संबंध ओरडणे, ढकलाढकली करणे अशा आक्रमक वागण्याशी काही अंशी दिसतो, परंतु खून-मारामारीसारख्या हिंसेचे खापर या खेळांवर फोडण्यास पुरेसा आधार नाही. आपल्या देशात २ सप्टेंबर २०२० रोजी 'पब्जी' या मोबाइल खेळावर बंदी आली, तीही हिंसेच्या कारणाने नव्हे, तर देशाची सुरक्षितता व नागरिकांच्या माहितीची गोपनीयता या कारणाने. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र युरोपात अशा बहुतेक खेळांवर सोळा किंवा अठरा वर्षांची वयोमर्यादा छापलेली असते. ती आपणही पाळावी.

मला अधिक चिंता वाटते ती दुसऱ्या एका धोक्याची. सप्टेंबर २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील पंजशीर खोऱ्यावर हवाई हल्ला झाल्याचे दृश्य म्हणून आपल्या देशातील काही वृत्तवाहिन्यांनी चक्क 'आर्मा ३' या खेळाचे चित्रण दाखविले. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी पाकिस्तान सरकारच्या अधिकृत खात्यावरूनही या खेळाचे चित्रण खरे म्हणून प्रसृत झाले. खेळ इतका खरा झाला की युद्ध खेळासारखे दिसू लागले. पडद्यावर विमान कोसळते तेव्हा आपण आरोळी ठोकतो. त्या विमानाखाली कोणाचे घर होते, हे विचारण्याचे भान सुटते. हा दोष मुलांपेक्षा आम्हा मोठ्यांत अधिक आहे. सोफ्यावर बसून बातम्या पाहताना जो माणूस शत्रुराष्ट्रातील मृतांचे आकडे ऐकून समाधान पावतो, त्याने मुलाच्या हातातील माऊस हिसकावून घेण्यात काय अर्थ आहे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. एखाद्या रविवारी मुलाच्या शेजारी बसून त्याचा एक डाव शेवटपर्यंत पाहा. नियम समजावून द्यावयास त्याला सांगा. तो आनंदाने सांगेल. मग त्याला विचारा : या गावातील माणसे कोठे गेली? समोरचा शरण आला तर तुमचा खेळ त्याला जिवंत राहू देतो का? तुझा मेडिक शत्रूच्या जखमीला पट्टी बांधू शकतो का? या प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा 'नाही' अशी येतील. तेवढ्याने खेळ पाप ठरत नाही. पण पडद्यावरील युद्ध कितीही हुबेहूब असले तरी त्यात कास्तिल्योनेच्या स्त्रियांना अजून फारशी जागा मिळालेली नाही, हे त्या तरुणाच्या ध्यानात येईल. ज्याच्या हे ध्यानात आले, तो उद्या युद्धाची बातमी ऐकताना त्या स्त्रियांना विसरणार नाही.